फ्लाय फिशिंगचं सामान: ऑनलाइन मागवायचं की दुकानातून घ्यायचं?

मागच्या भागात आपण फ्लाय कास्टिंगची मूळ हालचाल पाहिली. आज सामानाबद्दल बोलू. ते कुठून घ्यायचं, किती घ्यायचं आणि काय अजिबात घ्यायचं नाही, हे तिन्ही प्रश्न आज घेतो.

सुरुवात एका फोनपासून करतो. मूळचा सोलापूरचा, सध्या इथे चेन्नईत शोलिंगनल्लूरला आयटी कंपनीत असलेला एक मुलगा गेल्या महिन्यात म्हणाला, "काका, कार्टमध्ये अडतीस हजारांचं सामान भरलंय. बटण दाबू का?"

मी विचारलं, "कुठे गरवणार आहेस?"

"ते अजून ठरवलं नाही."

"मग बटण दाबू नकोस. रविवारी सकाळी माझ्याकडे ये."

त्याच्यावर हसू नका. मीही हेच केलं होतं, फक्त माझी कार्ट थोडी लहान होती. नोकरीत असताना काश्मीरला एका वरिष्ठांनी आपली काठी हातात देऊन लिद्दरच्या काठावर मला ट्राउट गरवायला शिकवलं. निवृत्तीनंतर चेन्नईत घर केलं तेव्हा स्वतःची काठी घ्यावी असं वाटलं. एका वेबसाइटवर 'संपूर्ण संच' दिसला. काठी, रीळ, दोरी, माश्यांची डबी, सगळं एकत्र. घेतला. मे महिन्यात मुट्टुकाडूच्या खाडीवर गेलो. दुपारपर्यंत दोरी इतकी मऊ आणि चिकट झाली की काठीच्या कड्यांतून सरकेना. दोन महिन्यांत रिळाचा दांडा गंजून बसला. माल खोटा नव्हता. थंड डोंगरी ओढ्यासाठी बनवलेला माल मी खाऱ्या, तापलेल्या पाण्यावर नेला होता. चूक माझी होती. ती तुमच्याकडून होऊ नये, म्हणून आजचा भाग.

आधी हत्यार समजून घ्या

आपल्या कोकणात गरवणं नवं नाही. गळ, दोरी, पुढे शिशाचं वजन आणि आमिष. वजन पुढे जातं आणि दोरीला ओढून नेतं. फ्लाय फिशिंगमध्ये नेमकं उलट आहे. पुढची कृत्रिम माशी पिसाइतकी हलकी असते, ती फेकता येत नाही. वजन असतं ते दोरीत. आपण दोरी फेकतो आणि माशी तिच्या मागून जाते. म्हणून या खेळात सगळ्यात महत्त्वाची वस्तू काठी नसून दोरी आहे. काठी त्या दोरीला जुळणारी हवी, एवढंच.

हे जुळवणं क्रमांकांवर चालतं. अमेरिकन उत्पादकांनी ठरवलेलं एक मानक जगभर वापरतात. दोरीच्या पहिल्या ३० फुटांचं वजन 'ग्रेन' या मापात मोजतात. ५ क्रमांकाची दोरी १४० ग्रेन, म्हणजे साधारण ९ ग्रॅम. ६ क्रमांकाची १६० ग्रेन, म्हणजे सुमारे १०.४ ग्रॅम. ८ क्रमांकाची २१० ग्रेन, म्हणजे सुमारे १३.६ ग्रॅम. ८ क्रमांकाच्या काठीवर ८ चीच दोरी लावायची. डब्यावर 'डब्ल्यूएफ ८ एफ' असं लिहिलेलं असतं. पहिली दोन अक्षरं सांगतात की दोरीचं वजन पुढच्या भागात आहे, मधला आकडा क्रमांक आणि शेवटचं अक्षर सांगतं की ती तरंगणारी आहे.

आता पाण्यानुसार क्रमांक. काश्मीर, हिमाचल इथल्या ट्राउटसाठी ५ क्रमांक बहुतेक ठिकाणी पुरतो. चेन्नईच्या खाड्यांत आणि किनाऱ्यावर ८. इथे वारा सतत असतो, माशी मोठी असते आणि मासाही दांडगा. आपण ज्याला जिताडा म्हणतो, त्याला इथे तमिळमध्ये 'कोडुवा' म्हणतात. तो ५ च्या काठीवर लागला तर काठीचीच परीक्षा होते.

दुसरी गोष्ट तापमान. दोऱ्या थंड पाण्याच्या आणि उष्ण प्रदेशाच्या अशा वेगवेगळ्या बनतात. उष्ण प्रदेशाच्या दोरीचा गाभा कडक असतो, ती उन्हात सैल पडत नाही. तीच दोरी बर्फाच्या पाण्यावर नेली तर स्प्रिंगसारखी वेटोळी घालते. ऑनलाइन वर्णनात 'ट्रॉपिकल' किंवा 'वॉर्म वॉटर' हा शब्द शोधा. चेन्नई, मुंबई, रत्नागिरी, गोवा यांपैकी कुठेही गरवणार असाल आणि तो शब्द नसेल, तर पुढे सरका.

तिसरी गोष्ट रीळ. ट्राउटसाठी रीळ म्हणजे दोरी गुंडाळून ठेवायची पेटी. खाऱ्या पाण्यातला मासा मात्र दोरी ओढून पळतो, तेव्हा रिळाचा ब्रेक लागतो. त्यामुळे खाऱ्या पाण्यासाठी गंजरोधक मुलामा दिलेलं अ‍ॅल्युमिनियम आणि बंदिस्त ब्रेक पाहून घ्या.

चेन्नईच्या दुकानांत काय मिळतं

रविवारी तो मुलगा आला. आम्ही आधी काशिमेडूच्या मासेमारी बंदराकडे गेलो आणि मग पॅरीज कॉर्नरच्या बाजूला जॉर्ज टाउनच्या गल्ल्यांत. जाळी, दोरखंड, गळ, नायलॉन, शिसं विकणारी दुकानं. गिऱ्हाईक बहुतेक व्यवसायाने मच्छीमार. हौशी लोकांसाठी दोन-चार काठ्या कोपऱ्यात उभ्या असतात, पण त्या स्पिनिंगच्या किंवा किनाऱ्यावरून लांब फेकायच्या.

एका दुकानदाराला मी फ्लाय रॉड विचारला. तो म्हणाला, "सार, वर्षाला दोन माणसं विचारतात. त्यातले एक तुम्ही. मी ठेवून काय करू?" बरोबर आहे त्याचं. चेन्नईच काय, मुंबई-पुण्यातही शेजारच्या दुकानात फ्लायची चांगली काठी आणि दोरी मिळेल ही आशा ठेवू नका. काठी, रीळ आणि मुख्य दोरी या तीन वस्तूंना ऑनलाइनशिवाय गत्यंतर नाही.

बाकी मात्र जवळजवळ सगळं इथे मिळतं, आणि स्वस्त मिळतं.

पहिलं, नायलॉन. मुख्य दोरी आणि माशी यांच्यामध्ये निमुळती होत जाणारी पारदर्शक दोरी लागते. तिला लीडर म्हणतात. तयार लीडर ऑनलाइन घ्यायला गेलात तर एकेक नग काही शे रुपयांना पडतो. त्याऐवजी ०.५०, ०.४० आणि ०.३० मिलिमीटरच्या नायलॉनची तीन रिळं दुकानातून घ्या. एकूण लांबी ९ फूट धरा. साधारण ६० टक्के जाड, २० टक्के मधलं आणि २० टक्के बारीक नायलॉन गाठींनी जोडा. झाला लीडर. तीन रिळांत वर्षभराचे लीडर होतात.

ट्राउटच्या लोकांसाठी इथेच सांगून ठेवतो. सगळ्यात पुढच्या बारीक तुकड्याला टिपेट म्हणतात आणि त्याच्या डब्यावर ३एक्स, ५एक्स असं लिहिलेलं असतं. गोंधळू नका. ११ मधून तो आकडा वजा करा. उत्तर म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागातली जाडी. ५एक्स म्हणजे ६ हजारांश इंच, साधारण ०.१५ मिलिमीटर. एवढं कळलं की दुकानातल्या मिलिमीटरच्या नायलॉनशी त्याची सांगड घालता येते.

दुसरं, गळ. नॉर्वेच्या मुस्तादसारख्या जुन्या कंपन्यांचे गळ मच्छीमारांच्या दुकानांत सुटे मिळतात. खाऱ्या पाण्यासाठी स्टेनलेस किंवा कल्हई केलेले घ्या. गळाच्या टोकाजवळचा उलटा काटा पकडीने दाबून सपाट करा. मासा सोडताना त्याला इजा कमी होते, आणि गळ तुमच्याच बोटात रुतला तर बाहेर काढणं सोपं जातं. हे अनुभवाने सांगतोय.

तिसरं, माश्या बांधायचं सामान. इथे तुम्हाला आश्चर्य वाटेल. साहुकारपेटेत जरी, चमकी, मणी, रंगीत धागे, लोकर यांची दुकानं ओळीने आहेत. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या बॉब क्लाउझर यांनी १९८० च्या दशकात एक माशी बनवली. छोट्या माशासारखी दिसणारी, जड डोळ्यांची. तिला 'क्लाउझर मिनो' म्हणतात आणि खाऱ्या पाण्यातही ती जगभर चालते. तिच्यासाठी हरणाच्या शेपटीचे केस मागवण्याची गरज नाही. कृत्रिम तंतू, थोडी जरी आणि खिडकीच्या पडद्याला असते तशी स्टीलच्या मण्यांची साखळी घ्या. साखळीतले दोन मणी तोडले की डोळे तयार. वर पक्का धागा आणि पारदर्शक नेलपॉलिश. त्या मुलाने तीनशे-चारशे रुपयांत चाळीसेक माश्यांचं सामान घेतलं. कार्टमध्ये त्याने बारा माश्या अठराशेला धरल्या होत्या.

चौथं, किरकोळ वस्तू. गळ काढायला लागणारा वाकड्या तोंडाचा चिमटा 'अँगलिंग फोर्सेप्स' या नावाने ऑनलाइन महाग असतो. कोणत्याही सर्जिकल दुकानात आर्टरी फोर्सेप्स मागा, तीच वस्तू आहे. पोलराइज्ड चष्मा ओळखीच्या चष्मेवाल्याकडून घ्या. पाण्यात उतरायला दक्षिणेत रबरी वेडर्सची गरज नाही, त्यात घामाने आंघोळ होते. जुने कॅनव्हासचे जंगल बूट आणि लवकर वाळणारी पँट. पाणी आत येतं, तसंच बाहेर जातं.

देशातल्या देशात ऑनलाइन

आता काठी, रीळ आणि दोरी. पहिला पर्याय म्हणजे भारतातच साठा असलेले विक्रेते. अ‍ॅमेझॉन, फ्लिपकार्टसारखे बाजार आहेत. फक्त गळ-काठ्यांचं सामान विकणारी काही खास दुकानंही ऑनलाइन आहेत. डेकॅथलॉनचा कॅपरलान हा मासेमारीचा ब्रँड आहे. त्यांच्या दुकानात फ्लायचा माल असेलच असं नाही, म्हणून जाण्याआधी साइटवर पाहून घ्या.

देशातून घेण्याचा मोठा फायदा असा की किंमत पाहता तीच द्यावी लागते, आणि परत करायची सोय असते. पण तीन तपासण्या करा.

एक, विकणारा कोण ते पाहा. वेबसाइटचं नाव मोठं असलं तरी माल तिसराच कोणी पाठवत असतो. २०२० च्या ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियमांनुसार विक्रेत्याचं नाव-पत्ता, परतीच्या अटी आणि वस्तू कोणत्या देशात बनली ही माहिती दाखवणं बंधनकारक आहे. ती नसेल तर तिथून घेऊ नका. फसवणूक झालीच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

दोन, वर्णनात काठीचा क्रमांक, लांबी आणि तुकडे लिहिलेले आहेत का? '९ फूट, ८ क्रमांक, ४ तुकडे' असं स्पष्ट हवं. नुसतं 'हाय कार्बन प्रीमियम फ्लाय रॉड' असेल तर ते वर्णन नाही, जाहिरात आहे.

तीन, दोरी वजन करून पाहा. ही युक्ती लिहून घ्या. माझी दुसरी दोरी मी अशाच एका विक्रेत्याकडून घेतली. डब्यावर ८ लिहिलेलं, पण काठी वाकेचना. फेक जाईना. महिनाभर मला वाटत राहिलं की वयामुळे आपलाच हात बसत नाही. शेवटी पहिले ३० फूट मोजून खूण केली, दोरी घेऊन ओळखीच्या सोनाराकडे गेलो आणि त्याच्या काट्यावर तेवढाच भाग ठेवला. साडेदहा ग्रॅम. म्हणजे माल ६ क्रमांकाचा आणि शिक्का ८ चा. तोवर परतीची मुदत संपलेली. तेव्हापासून नियम केला आहे: दोरी आली की त्याच आठवड्यात काट्यावर. मानकापेक्षा थोडी जड भरली तर घाबरू नका, हल्लीच्या बऱ्याच दोऱ्या मुद्दाम जड बनवतात आणि डब्यावर ग्रेन लिहितात. दोन क्रमांकांनी हलकी भरली, तर लगेच परत करा.

परदेशातून मागवायचं तर

अमेरिकेतली ऑर्व्हिस ही कंपनी १८५६ पासून या धंद्यात आहे. अशा कंपन्यांचा माल पाहिला की मन होतंच. मागवू नका असं मी म्हणणार नाही. पण हिशेब कागदावर मांडा.

समजा काठी १०,००० रुपयांची आहे आणि पाठवणीचे ३,००० आहेत. सीमाशुल्क १०,००० वर लागत नाही. ते माल, वाहतूक आणि विमा यांच्या बेरजेवर लागतं. त्यावर अधिभार. मग हे सगळं मिळवून जी रक्कम होते, तिच्यावर आयजीएसटी. दर अर्थसंकल्पागणिक बदलतात, म्हणून मागवण्याच्या दिवशी पाहा. उदाहरणापुरता एकूण बोजा ३० टक्के धरू. १३,००० वर ३,९०० झाले. एकूण १६,९००. कुरियर कंपनी शुल्क भरून माल सोडवण्याचे वेगळे पैसे घेते. बहुतेक क्रेडिट कार्डांवर परकीय चलनाचे दोन ते साडेतीन टक्के जातात. दहा हजारांची काठी दारात येईपर्यंत साडेसतरा हजारांच्या आसपास पोचते.

पाठवणी एवढी महाग का? काठी हलकी असते, पण नळकांडं लांब असतं. कुरियरवाले वजन आणि आकारमान यांतलं जे जास्त भरेल ते धरतात. सेंटिमीटरमध्ये लांबी, रुंदी, उंची यांचा गुणाकार करून ५,००० ने भागायचं, असं एक नेहमीचं सूत्र आहे. ८० बाय १० बाय १० चं नळकांडं १.६ किलो भरतं, आत काठी काही शे ग्रॅमचीच असली तरी. म्हणून चार तुकड्यांचीच काठी घ्या. ९ फुटांची दोन तुकड्यांची काठी मागवलीत तर नळकांडं जवळजवळ दीड मीटरचं होईल.

आणखी दोन गोष्टी. आयातीचं पार्सल सोडवताना केवायसीची कागदपत्रं मागतात. मेसेज आला तर तो खरोखर कुरियर कंपनीचाच आहे का, हे तिच्या साइटवर पार्सलचा क्रमांक टाकून पाहा आणि मगच कागद द्या. या नावाखाली फसवणूकही चालते. दुसरं, "अमेरिकेतल्या मुलाला गिफ्ट म्हणून पाठवायला सांगतो" ही पळवाट आता नाही. पाच हजारांपर्यंतच्या भेटवस्तूंना मिळणारी सूट डिसेंबर २०१९ मध्ये बंद झाली, अपवाद राखीसारख्या मोजक्या गोष्टींचा. मुलगा, सून, पुतण्या स्वतः भारतात येणार असतील तर त्यांच्या सामानातून आणणं हा सरळ मार्ग आहे. बॅगेज नियमांत ठरावीक किमतीपर्यंत शुल्क लागत नाही. मर्यादा बदलते, तेव्हा चालू आकडा पाहून घ्या आणि बिल बरोबर ठेवायला सांगा.

हमीचाही विचार करा. ऑर्व्हिस आपल्या काठ्यांना २५ वर्षांची हमी देते. ऐकायला छान वाटतं. पण चेन्नईत टोक मोडलं तर ते समुद्रापार पाठवायचं आणि परत आणायचं. दोन्ही वेळचा खर्च आणि सीमाशुल्काची कागदपत्रं तुमच्या गळ्यात. म्हणून पहिल्या काठीसाठी हमीचे पैसे मोजू नका.

हे मागवू नका

माश्या बांधण्याच्या परदेशी पुस्तकांत 'जंगल कॉक' नावाचं पीस वारंवार येतं. मानेवरची ती चमकदार, थेंबाथेंबाची पिसं. तो पक्षी म्हणजे आपला राखी रानकोंबडा, सह्याद्रीत आणि नीलगिरीत फिरणारा. विलायती सामन माशांसाठीच्या माश्यांना ही पिसं लागत, म्हणून एके काळी इथून ती मोठ्या प्रमाणावर बाहेर गेली. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आता तो संरक्षित आहे. गावाकडून कोणी 'खरं पीस' देऊ केलं तर हात लावू नका, तो गुन्हा आहे. मोराची आपोआप गळलेली पिसं देशात बाळगता येतात, पण त्यांची निर्यात बंद आहे. परदेशातल्या मित्राला पाकिटातून पाठवू नका. परदेशातून पिसं, केस, कातडी मागवली तर पार्सल क्वारंटाइनच्या आणि वन्यजीव नियमांच्या तपासणीत अडकू शकतं. कृत्रिम तंतू वापरा. माशाला फरक कळत नाही.

माशापर्यंत पोचायची परवानगी

सामान आलं म्हणजे पाणी आपलं झालं असं नाही. हा भाग लोक विसरतात आणि पैसे वाया जातात.

१८७३ मध्ये मद्रास सनदी सेवेतल्या हेन्री सलिव्हन थॉमस यांनी 'द रॉड इन इंडिया' हे पुस्तक लिहिलं. महसीर हा मोठा लढवय्या मासा जगभरच्या शौकिनांना माहीत झाला तो मुख्यत्वे त्यामुळे. पण गळाचा षोक साहेबांनीच आणला असं समजू नका. आपल्या कल्याणीच्या चालुक्यांपैकी तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात 'मानसोल्लास' रचला. त्यात 'मत्स्यविनोद' म्हणून गळाने मासे पकडण्यावर अख्खं प्रकरण आहे. ते कल्याण म्हणजे आजचं बीदर जिल्ह्यातलं बसवकल्याण, आपल्या लातूर-धाराशिवच्या शेजारचं.

आज स्थिती बदलली आहे. कावेरीतला कुबडा महसीर २०१८ मध्ये अत्यंत संकटग्रस्त म्हणून नोंदला गेला. धरणं, वाळूउपसा, सुरुंग लावून होणारी मासेमारी, बाहेरून आणून सोडलेल्या दुसऱ्या महसीर जाती, अशी कारणं सांगितली जातात. कावेरी वन्यजीव अभयारण्यातले प्रसिद्ध गळाचे कॅम्प बंद झाले. नीलगिरीत ट्राउट आणण्याचा पहिला प्रयत्न फ्रान्सिस डे यांनी १८६३ मध्ये केला आणि तो फसला. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात एच. सी. विल्सन यांना यश आलं, अ‍ॅव्हलांचला हॅचरी झाली. पण तिथलं बरंचसं पाणी आज संरक्षित जंगलात आहे. 'चेन्नईहून एका रात्रीत उटी' एवढं पाहून ट्राउटची काठी घेऊ नका. आधी परवानगी कुठे, कोणाकडे आणि मिळते का, ते विचारा. काश्मीर आणि हिमाचलमध्ये मत्स्य विभागाचे परवाने मिळतात आणि पाण्याचे तुकडे ठरवून दिलेले असतात. मुंबईकरांना पवईच्या तलावावर महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशन आहे.

आणि इथेच दुकानदाराची किंमत कळते. काशिमेडूच्या त्या माणसाकडे मी काठी घेतली नाही, पण तीन रिळं नायलॉन, गळ आणि दोन पकडी घेतल्या. पैसे देताना त्याने विचारलं, "कुठे जाणार?" मी सांगितलं. तो म्हणाला, "सार, तिकडे भरती सुटायच्या वेळी पुलाच्या खांबाला जा. पाणी बाहेर ओढायला लागलं की कोडुवा सावलीत उभा राहतो. आणि त्या बाजूला आमच्या लोकांची जाळी असतात, तुमची दोरी अडकवू नका." ही माहिती कुठल्याही वेबसाइटवर विकत मिळत नाही. आपण सगळंच मोबाइलवरून मागवायला लागलो, तर हे दुकान चालेल कदाचित, मच्छीमारांच्या जिवावर. पण आपल्याशी बोलायचं कारण त्याला उरणार नाही.

त्या मुलाची कार्ट

शेवटी त्याची यादी आम्ही नव्याने केली. त्याने ठरवलं की पहिलं वर्ष चेन्नईच्या खाडीवरच. देशातल्या विक्रेत्याकडून ९ फुटांची, ८ क्रमांकाची, चार तुकड्यांची साधी काठी. बंदिस्त ब्रेकचं मध्यम रीळ. दोरी मात्र चांगली, उष्ण प्रदेशाची. मी त्याला सांगितलं की पैसे वाचवायचे तर काठीत वाचव, दोरीत नको. बाकी सगळं काशिमेडू, साहुकारपेट आणि सर्जिकलचं दुकान. अडतीस हजारांचा आकडा सतरा हजारांवर आला. वेडर्स, तयार लीडर, माश्यांच्या दोन पेट्या आणि एक विलायती जाकीट गळून पडलं.

दोरी आल्यावर तो आधी सोनाराकडे गेला. १३.९ ग्रॅम. मग तीन आठवडे मैदानावर, टोकाला लोकरीचा गोंडा बांधून सराव. चौथ्या रविवारी आम्ही भरती सुटताना पुलाखाली उभे होतो. त्याच्या माशीला हातभर जिताडा लागला, रीळ ओरडलं, आणि खांबाला घासून लीडर तुटला. तो माझ्याकडे बघत राहिला. मी म्हटलं, "काय गेलं? एक गळ, दोन मणी आणि चिमूटभर जरी. बांध दुसरी."

घरी आल्यावर रीळ आणि काठी गोड्या पाण्याने धुवायला विसरू नका. साबण नको, जोराची धार नको, नुसतं पाणी आणि सावलीत वाळवणं. मीठ रात्रभरात काम सुरू करतं.

पुढच्या भागात क्लाउझर माशी टेबलावर बांधून दाखवतो. साहुकारपेटेला किंवा तुमच्या गावच्या जरीच्या दुकानाला आधी एक फेरी मारून ठेवा. नमस्कार.